सहदेवकाकाची परीक्षा

माझ्या सहदेवकाकाला एखादी गोष्ट पटवून देण्यापेक्षा लशींची पेटी खांद्याला लावून डोंगर चढणं सोपं. मी दोन्ही करते, म्हणून सांगते. मी आरोग्यसेविका आहे. कशेळ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात ज्या वाड्या आहेत, तिथल्या मुलांना आणि बायकांना टोचायला जाते. डोंगराला निदान माथा तरी असतो. काकाशी घातलेल्या वादाला तोही नसतो.

काका कशेळ्याच्या नाक्यावर गाड्यांची इलेक्ट्रिकची कामं करतो. वय एकसष्ट. दुकानाला पाटी नाही, पस्तीस वर्षांत लागली नाही. आजोबा भिवपुरीच्या वीजघरात कामाला होते, काका तिथल्या क्वार्टर्समध्ये वाढला. फिरणाऱ्या यंत्रातून वीज कशी निघते हे त्याला शाळेत शिकवावं लागलं नाही. शाळेत बाकी काहीच शिकवता आलं नाही, हेही आमच्या घरात सगळे सांगतात.

गाडीच्या पोटात पूर्वी दोन वेगळी यंत्रं असायची. एक इंजिनाला ढोसून उठवणारं, त्याला सगळे सेल्फ म्हणतात. दुसरं, इंजिन चालू झालं की वीज तयार करून बॅटरी भरणारं, तो डायनामो. या दोघांवर काकाचा हात असा बसलेला की रस्त्यापलीकडे कुणी जीपला चावी मारली आणि सेल्फ नुसताच खरखरला, तर हा इथून चहा पिता पिता सांगायचा, कार्बन गेलाय, उघडून बघ. उघडून बघितलं की आत घासून वीज पोचवणारा कार्बनचा तुकडा झिजून गेलेलाच असायचा. एवढ्यावर माणूस शेफारणार नाही तर काय.

पण काकाचं नाव झालं ते त्याच्या परीक्षेमुळे. डायनामो चांगला आहे की नाही हे बघायची त्याची एक साधी रीत होती. इंजिन चालू ठेवायचं, पुढचा दिवा लावायचा आणि चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून टाकायची. दिवा विझला तर डायनामो मेला. दिवा जळत राहिला तर डायनामो पास. आणि वायर काढल्याक्षणी दिवा एकदम लख्ख झाला तर काका खूश व्हायचा. म्हणायचा, बघा डायनामोला जोर कसा हाय. मीटर नको, काही नको.

आमच्या नाक्यावर तर याची प्रथाच पडली. दसऱ्याला जीपवाले गाड्या धुऊन, झेंडूचे हार घालून काकाच्या दुकानासमोर रांग लावतात. काका एकेका गाडीची वायर काढतो, दिवा जळतो, माणसं माना डोलावतात, आणि मगच चाकापुढे नारळ फुटतो. परीक्षेआधी नारळ फोडलेला मी लहानपणापासून पाहिला नाही. काकाच्या हाताखाली शिकून गेलेले सात-आठ जण कर्जतपासून चौक गावापर्यंत गॅरेज टाकून बसले, त्यांनी पुढे आणखी कुणाकुणाला शिकवलं, आणि ही रीत दोन तालुक्यांत ‘सहदेवदादाची परीक्षा’ म्हणून चालू लागली. आमच्या घराण्यात कुणाच्या नावाचा रस्ता नाही की चौक नाही. काकाला मूलबाळही नाही. त्याच्यामागे राहणार म्हणून जे काही होतं ते हेच, असं तो स्वतःच बोलून दाखवायचा.

मागच्या वर्षी मी स्कूटर घेतली, आणि माझ्या वैतागाची खरी सुरुवात तिथून झाली.

या नव्या स्कूटरमध्ये सेल्फ आणि डायनामो वेगळे नाहीत. एकच यंत्र. बटण दाबलं की ते बॅटरीकडून वीज घेऊन इंजिन फिरवतं, आणि इंजिनाने धरलं की इंजिन त्याला फिरवतं, मग तेच यंत्र बॅटरीला वीज परत देऊ लागतं. कधी घ्यायची, कधी द्यायची, किती द्यायची, हे सगळं सीटखालचा एक बंद डबा ठरवतो. कंट्रोलर म्हणतात त्याला. सेल्फचा आवाज म्हणून होत नाही. काकानं पहिल्यांदा बटण दाबलं, काही ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं. मी म्हटलं, काका, गाडी कधीची चालू आहे. तो म्हणाला, मंग सांगत का नाय ती?

पुढे नाक्यावर जीप आडवी आली म्हणून थांबले, तर स्कूटरचं इंजिन आपोआप बंद झालं. पेट्रोल वाचावं म्हणून ते तसंच केलेलं आहे, मूठ पिळली की पुन्हा चालू होतं. पण काकानं ते पाहिलं आणि दुपारपर्यंत कशेळ्यात खबर पसरली की जागृतीची नवी गाडी उभ्या उभ्या बंद पडते. चार जण मला वाटेत थांबवून हळहळले.

काकाचा खरा राग डब्यावर होता. त्यानं तो उलटापालटा करून पाहिला. आत काळा राळेसारखा लगदा ओतलेला, स्क्रू नाही, फट नाही. तो म्हणाला, “बैल माझ्या वळखीचा हाय गं, पन कासरा कुलपात घातलाय त्यांनी.” मला हे बोलणं आवडलं होतं, खोटं कशाला सांगू. पण बैल ओळखीचा आहे म्हणून शेपूट पिरगाळायची नसते, हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

दसरा आला. मी स्कूटर धुतली, हार घातला आणि इतरांबरोबर रांगेत उभी केली, कारण रांगेत उभी केली नसती तर वर्षभर ऐकावं लागलं असतं. त्या दिवशी जीपबरोबर अशा तीन नव्या स्कूटर होत्या. माझी पहिली. काकानं इंजिन चालू केलं, दिवा लावला, बाह्या सारल्या आणि वायर काढली. दिवा क्षणभर लख्ख झाला आणि विझला. इंजिन बंद. वायर पुन्हा लावली, बटण दाबलं, तर गाडी ढिम्म. मग दुसरी स्कूटर. लख्ख, आणि गप्प. मग तिसरी.

एवढं झाल्यावर कुणालाही शंका यावी. काकाला आली नाही. त्यानं हात पुसले आणि जमलेल्या सगळ्यांना सांगितलं, तिन्ही नापास, कंपनीचा माल फुसका, बरं झालं आजच कळलं. माणसांनी माना डोलावल्या. ज्यांच्या गाड्या मेल्या होत्या त्यांनीसुद्धा डोलावल्या. तिन्ही नारळ तसेच घरी गेले.

पुढचे तीन आठवडे मी लशींची पेटी मांडीवर घेऊन जीपमधून गेले. जीप भरल्याशिवाय निघत नाही, आणि पेटीतला बर्फ काही जीप भरायची वाट बघत नाही. एका वाडीत मी दीड तास उशिरा पोचले, तेव्हा बायका मुलांना घेऊन कामावर निघून गेल्या होत्या. त्यांना पुन्हा गोळा करता करता माझ्या नाकी नऊ आले.

कर्जतच्या शोरूममध्ये सुरभी नावाची मुलगी गाड्यांचं इलेक्ट्रिकचं बघते. मोहोपाड्याची, आयटीआय केलेली, कमी बोलणारी. तिनं डबा तपासला आणि विचारलं, इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कुणी काढली होती का? मी नाही म्हटलं. खरं सांगितलं तर डबा बदलून मिळणार नाही हे एक, आणि दुसरं, काकाचं नाव घ्यायला जीभ वळेना. तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि डबा बदलून दिला.

स्कूटर घरी आली त्याच संध्याकाळी काका म्हणाला, आण, परीक्षा घेतो. मी नाही म्हटलं. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आवडीकाकूनं जेवायला बोलावलं, मला वाटलं राग गेला. भाकरी अर्धी झाली होती तेवढ्यात बाहेर स्कूटर चालू झाल्यासारखी वाटली. ती गाडी एवढा कमी आवाज करते की खात्री होईना. उष्ट्या हातानं बाहेर आले तर सीट वर, दिवा चालू, आणि काकाच्या हातात वायर. मी थांब म्हणेपर्यंत दिवा लख्ख होऊन विझला.

“हा पन डबा फुसका,” काका म्हणाला.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, “काका, चार डबे नापास झाले. सगळीच पोरं नापास व्हतात तवा मास्तरात खोट असते, नायतर परीक्षेत.”

काकू दारात उभी होती. ती म्हणाली, असं बोलू नये गं. काकानं वायर जागेवर लावली, नट आवळला, सीट खाली केली, तेही हळूच, आणि दुकानात जाऊन बसला. तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

सकाळी मी स्कूटर टेंपोत चढवली तर हा आधीच टेंपोत बसलेला. म्हणाला, मी पन येतो, कंपनीवाल्यांना दोन शब्द ऐकवायचे हायत. कर्जत येईपर्यंत तो ते दोन शब्द मनात घोळवत होता हे त्याच्या ओठांवरून दिसत होतं.

सुरभीनं स्कूटर पाहिली आणि कपाटातून एकेक करून आठ डबे टेबलावर मांडले. म्हणाली, कशेळ्याचे तीन, चौककडचे पाच, सगळ्यांचा दोष एकच. मी प्रत्येकाला विचारते वायर काढली का, प्रत्येक जण नाही म्हणतो. मग ती वैतागून म्हणाली, “तुम्ही सगळे एकाच शाळेत शिकलात की काय?”

मी तोंड उघडलं, आज खरं सांगून टाकायचं म्हणून. पण काका आधी बोलला.

“शाळा माझी हाय,” तो म्हणाला. ताठ मानेनं म्हणाला. आणि परीक्षा कशी घेतात ते त्यानं तिला पहिल्यापासून सांगितलं.

तिनं मधे तोंड घातलं नाही, हसली नाही. फक्त शेवटी विचारलं, “वायर काढली की दिवा लख्ख होतो ना, काका?”

“व्हतो तर. तोच डायनामोचा जोर.”

“तोच जोर डब्याला मारतो. यंत्र वीज देत असतं आणि बॅटरी घेत असते. घेणारा अचानक काढून टाकला तर ती वीज जाणार कुठे? जीपचा दिवा ती सोसतो. हा डबा नाही सोसत.”

काका टेबलावरच्या आठ डब्यांकडे बघत राहिला. मला वाटलं आता वाद घालेल, मी तयारीत होते. तो अगदी हळू म्हणाला, “लोड सुटला.”

मग त्यानं सुरभीला आजोबांचं सांगितलं. वीजघरात कधी अचानक लाइन सुटली की वीज घेणारं कुणी उरायचं नाही, आणि यंत्र बेफाम पळायला लागायचं. त्याचा आवाज क्वार्टर्सपर्यंत चढत जायचा, आजोबा ताटावरून उठून पळायचे, यंत्र फिरवणारं पाणी बंद होईपर्यंत घरात कुणी घास घेत नसे. “येवढं माहीत असून,” तो म्हणाला, “पस्तीस वर्षं मी हातानं लोड सोडत व्हतो आन् वर हसत व्हतो.”

दुसरा डबा काही फुकट मिळाला नाही, हे सांगायला नको. पण सुरभीनं काकाला एक काम शिकवलं: मीटर लावून, वायर न काढता बॅटरी भरते की नाही ते बघायचं. त्यानं ते तिच्याकडून दोनदा करून घेतलं आणि तिसऱ्यांदा स्वतः केलं. मला वाटलं, सुटले. चला, एवढा तरी माणूस बदलला. मला काय माहीत की आता उरलेले दोन तालुके बदलायचे आहेत.

कारण काकानं ठरवलं, जिथे जिथे ही परीक्षा गेली तिथे जाऊन ती परत आणायची. आणि नेणार कोण? मी. माझ्या सुट्टीच्या रविवारी, माझ्याच स्कूटरवरून, काका मागे बसलेला, मांडीवर मीटरची पिशवी.

पहिला थांबा कर्जत. बुधाजी, काकाचा सगळ्यात जुना चेला, आता पन्नाशीचा. काकाला बघून त्यानं स्टूल पुसलं, चहा सांगितला, गिऱ्हाइकाला अभिमानानं ओळख करून दिली. काकानं चहा संपायच्या आत विषय काढला. नव्या स्कूटरला चालू इंजिनावर वायर काढू नको, माझं चुकलं, असं स्पष्ट सांगितलं. ‘माझं चुकलं’ हे शब्द मी त्याच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा ऐकले. बुधाजी हसायलाच लागला. म्हणाला, दादा, तुमचं आता वय झालं. तुमीच शिकवलं आन् तुमीच नको म्हणताय? कंपनीवाल्यांनी तुमाला घोळात घेतलं. त्यांचा माल फुसका, आन् नाव आपल्या परीक्षेला.

काकानं लोड सुटायचं सांगितलं, आजोबांचं सांगितलं, मीटर लावून दाखवलं. पालथ्या घड्यावर पाणी. बुधाजीनं निघताना काकाच्या पाया पडून घेतलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, दादांना जप गं, माणूस खचल्यासारखा वाटतो.

रस्त्याला लागल्यावर काका मागून करवादला. असा कसा हा मानूस, समोर दाखवलं तरी पटत नाय, आपलंच खरं करतो, ऐकूनच घेत नाय. मी म्हटलं, काका, मला हा माणूस फार वर्षांपासून ओळखीचा वाटतो. वाटेत आणखी दोन गॅरेजं झाली. एकानं हो हो म्हटलं आणि आम्ही स्कूटर वळवतो न वळवतो तोच एका गिऱ्हाइकाची सीट वर केली. दुसऱ्यानं आम्हाला कंपनीची माणसं समजून उभंच केलं नाही.

चौकला पोचलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. काकानं कधी न पाहिलेलं एक गॅरेज रस्त्याच्या कडेला दिसलं. आत ओमकार नावाचा, शर्टावर नाव शिवलेला, तिशीचा कारागीर. स्कूटर चालू, दिवा लागलेला, आणि त्याचा पाना बॅटरीच्या नटावर.

“थांब रं, काढू नको,” काका म्हणाला.

ओमकारनं मान वर केली. “तुमी कोन?”

“कशेळ्याचा.”

“मंग तुमाला ठावं पायजे. ही तुमच्याच गावच्या सहदेवदादाची परीक्षा हाय. आमच्या वस्तादाला त्यांनी स्वता शिकवली. त्या मानसाचा शब्द आमी खाली पडू देत नाय.”

माझ्या अंगात आता त्राण नव्हतं. मी सांगायलाच निघाले होते की अरे बाबा, हाच तो सहदेव. काकानं माझा दंड दाबला. बुधाजीनं त्याला जिवंतपणी कसं उडवून लावलं हे त्याच्या डोळ्यांसमोर असणार.

“सहदेव गेला,” काका म्हणाला.

ओमकारनं नटावरचा पाना काढला. “कवा?”

“झाला महिना. मी व्हतो जवळ. जाताना सांगून गेला, या एका यंत्राच्या गाड्यांना चालू इंजिनावर वायर काढू नका. जुन्या जीपला चालून गेलं, ह्यांना चालायचं नाय. माझी परीक्षा माझ्यासंगं जाऊ द्या म्हनाला.”

ओमकारनं चावी फिरवून स्कूटर बंद केली. काळे हात पुसले आणि कपाळाला लावले. शेवटचा शब्द हाय म्हंजी पाळायलाच पायजे, असं म्हणून त्यानं मग काकाला मीटर कसं लावायचं ते विचारलं, आणि काकानं त्याला शांतपणे शिकवलं. आम्ही निघालो तेव्हा तो रस्त्यापलीकडच्या गॅरेजवाल्याला हाक मारून सांगत होता, सहदेवदादा वारले रं, आन् वायर काढायची नाय.

परतीच्या वाटेवर मी काकाला खूप बोलले. असं अभद्र बोलतात का, काकूला काय वाटेल, लोक काय म्हणतील, सगळं बोलले. तो म्हणाला, “जित्या मानसाचं कोन ऐकतंय गं.” मला रडू येत होतं आणि त्याचाही राग येत होता.

चार दिवसांनी मी दुकानात बसले होते. काका एका जुन्या जीपचा सेल्फ उघडून कार्बन घासत होता. आवडीकाकू फोन हातात धरून तणतणत घरातून आली. म्हणाली, हा सकाळपासून तिसरा फोन, कुणी चौकचे लोक विचारतायत दादा कधी गेले, दिवस कुठे घातले, माझं कुंकू जागेवर असताना ही काय थट्टा? आता यांना काय सांगू?

काकानं मान वर केली नाही. “वायर काढायची थांबवली का, इचार त्यांना.”

काकूनं कपाळाला आठ्या घालून विचारलं. पलीकडून बराच वेळ कुणीतरी बोलत होतं.

“थांबवली म्हणतात. सगळ्या गॅरेजवाल्यांना सांगितलं म्हणतात. दादांचा शब्द हाय म्हणतात.”

काकानं कार्बन फुंकला आणि उजेडात धरून पाहिला.

“मंग गेला म्हनून सांग,” तो म्हणाला.